पाव ५ फेनिगला, गाडी १२ वर्षांनी

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पूर्व जर्मनीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं, म्हणजे ७ ऑक्टोबर १९४९ ला जन्मलेल्या आणि ३ ऑक्टोबर १९९० ला नकाशावरून गेलेल्या त्या समाजवादी देशावर. त्यात एक वाक्य मी सहज लिहून गेले की तिथे पाव अगदी स्वस्त होता आणि गाडी मिळायला दहा-बारा वर्षं लागायची. त्या एका वाक्यावरच ढीगभर पत्रं आली. बर्लिनच्या भिंतीबद्दल फारच कमी जणांनी विचारलंय, बहुतेकांना हवंय ते हे की लोक खायचे काय, दुकानात काय मिळायचं, घरी संध्याकाळी काय चालायचं. मला फार बरं वाटलं, मी जर्मन शिकवते आणि वर्गात हा विषय निघाला की माझा तास हमखास लांबतो. जमतील तेवढे प्रश्न घेतेय.

प्रश्न: ताई, गाडीला खरंच १२ वर्षं? आणि लोक गप्प बसायचे?

खरंच. काही ठिकाणी त्याहून जास्त. गाडीचं नाव त्राबांट, त्सविकाउ या गावातल्या कारखान्यात १९५७ पासून बनायची, आणि १९६४ ला जे ६०१ मॉडेल आलं तेच थोड्याफार फरकाने जवळजवळ शेवटपर्यंत चाललं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद २६ हॉर्सपॉवर, बॉडी पत्र्याची नाही तर ड्युरोप्लास्टची. हे ड्युरोप्लास्ट म्हणजे सोव्हिएत युनियनमधून येणाऱ्या कापसाचा कचरा आणि राळ एकत्र दाबून केलेला कडक पदार्थ, कारण चांगला पत्रा पश्चिमेकडून मिळत नव्हता आणि स्वतःकडे पुरेसा नव्हता. बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता, टाकीत पट्टी बुडवून बघायचं किती उरलंय ते.

आता नंबर लावायची गंमत बघा. १८ वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता यायचं, म्हणून घरातला प्रत्येक जण नोंदवायचा, गाडी चालवायची इच्छा असो नसो, आजीसुद्धा. मुलगा अठराचा झाला की त्याची नोंदणी हेच वाढदिवसाचं काम, म्हणजे तिशीत पोचेपर्यंत त्याचा नंबर लागेल. नोंदणीच्या कागदाचेही व्यवहार व्हायचे. आणि सगळ्यात उलटी गोष्ट म्हणजे वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग असायची, कारण ती आज हातात मिळायची आणि नवी कधीतरी पुढच्या दशकात.

गप्प बसायचे का, तर वैतागायचे खूप, पण त्याच बरोबर शिकायचेही. स्पेअर पार्ट मिळत नाहीत म्हटल्यावर लोक स्वतः इंजिन उघडायला शिकले, जे सापडेल ते घेऊन ठेवायचे, स्वतःला नको असलेला पार्टसुद्धा, कारण तो उद्या दुसऱ्या कोणाला लागेल आणि त्याच्याकडे आपल्याला हवं ते असेल. ही सवय नीट लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती परत येणार आहे.

प्रश्न: पगार किती आणि खर्च किती? सगळं स्वस्त असेल तर अडचण कसली होती?

हाच माझा आवडता प्रश्न. साधा छोटा पाव ५ फेनिग, आणि शंभर फेनिगचा एक मार्क. पूर्व बर्लिनमध्ये ट्रामचं तिकीट २० फेनिग. घरभाडं साधारण एका चौरस मीटरला एक मार्कच्या आसपास. ८० च्या दशकात सरासरी पगार हजार मार्कांच्या वर होता, म्हणजे भाडं, वीज, पाव, बटाटे, मुलांचं पाळणाघर हे सगळं जाऊन हातात पैसे उरायचे. आणि मग रंगीत टीव्हीची किंमत बघा, ४,००० मार्कांच्या वर. कॉफीचं १२५ ग्रॅमचं पाकीट ८ मार्क ७५ फेनिग! म्हणजे जगायला लागणाऱ्या गोष्टी नाममात्र आणि जराशा हौसेच्या गोष्टी डोळे फिरतील इतक्या महाग.

हे भाव सरकार का वाढवत नव्हतं? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी १७ जून १९५३ मध्ये आहे. त्या वर्षी कामगारांनी त्याच पगारात १० टक्के जास्त काम करावं असा फतवा निघाला, त्याआधी काही वस्तूंचे भावही वाढवले होते, आणि बर्लिनचे बांधकाम मजूर रस्त्यावर आले, बघता बघता देशभर उठाव झाला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. माणसं मेली, हजारो तुरुंगात गेली. सत्ताधारी पक्षाच्या मनात तेव्हा बसलेली धास्ती शेवटपर्यंत गेली नाही. रेशनकार्डं १९५८ ला बंद झाली, त्यानंतर पावाचा, भाड्याचा भाव हलवायची कोणाची हिंमत नव्हती.

पण बाजारभाव असा बांधून ठेवला की तो दुसरीकडून फुटतो. पाव इतका स्वस्त की लोक तो डुकरांना, कोंबड्यांना घालायचे, कारण खाद्य मिळवण्यापेक्षा ते सोपं. घरामागच्या बागेतलं फळ, भाजी, पाळलेले ससे सरकारी केंद्रावर विकले तर जो खरेदीभाव मिळायचा तो दुकानातल्या विक्रीभावापेक्षा जास्त असायचा, म्हणजे माणूस पुढच्या दाराने विकून मागच्या दाराने तेच परत विकत घेऊ शकत होता. आणि घरं? एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून होणार. लायपझिग, हाले अशा शहरांतले जुने सुंदर वाडे छपरापासून खाली गळत गळत मोडकळीला आले, बाल्कन्या पडायच्या, वरचे मजले रिकामे करायचे. दुसरीकडे शहराबाहेर काँक्रीटच्या तयार भिंती जोडून हजारो फ्लॅट उभे राहत होते आणि तिथे घर मिळालं की लोक खरोखर आनंदाने रडायचे, कारण गरम पाणी नळाला आणि कोळसा वाहायला नको. १९७३ ला सरकारने शब्द दिला होता की १९९० पर्यंत घरांचा प्रश्न सुटलेला असेल. १९९० ला देशच उरला नाही.

म्हणून अडचण कसली असं विचारलंत तर मी म्हणेन की तिथे वस्तूची खरी किंमत पाकिटातून जायचीच नाही, ती तुमच्या वेळेतून आणि तुमच्या ओळखीतून जायची.

प्रश्न: ओळखीचं म्हणजे वशिलाच ना? तो तर सगळीकडेच असतो.

असतो, पण इथे तो भाजी आणायलाही लागायचा. जर्मनमध्ये ओळखीपाळखीला ‘बेत्सीहुंगेन’ म्हणतात, आणि तोंडी भाषेत ‘व्हिटामिन बे’. जसं शरीराला जीवनसत्त्व तसं संसाराला हे. त्याहून छान शब्द आहे ‘ब्युकवारे’, म्हणजे वाकून काढायचा माल. काउंटरवर नसतो, दुकानदारीण ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की खाली वाकते आणि टेबलाखालून काढून देते. टोमॅटो केचप, चांगली टाईल, लहान मुलांचे नीट बसणारे बूट, काहीही असू शकतं. त्यामुळे फर्निचरच्या दुकानातली बाई, नळदुरुस्तीवाला, गाड्यांच्या गॅरेजातला माणूस यांना समाजात जो मान होता तो डॉक्टरला नव्हता असं म्हटलं तरी चालेल.

अजून एक सवय. घराबाहेर पडताना प्रत्येकाच्या खिशात, पर्समध्ये घडी केलेली पिशवी असायचीच, देडेरोनची. देडेरोन म्हणजे नायलॉनच, पण देशाच्या नावाची आद्याक्षरं ‘डे-डे-एर’ घेऊन त्याला हे नाव दिलं होतं. त्याच कापडाचे फुलाफुलांचे बिनबाह्यांचे ॲप्रन घरोघरच्या बायका घालायच्या. तर ही पिशवी कशाला, कुठे काय अचानक मिळेल सांगता येत नाही म्हणून. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं की काय आलंय.

आणि हो, दुसरा एक वशिला होता, पश्चिम जर्मनीतला नातेवाईक. इंटरशॉप नावाच्या दुकानांत पश्चिमेचा माल फक्त परकीय चलनात मिळायचा, आणि १९७४ पासून सामान्य नागरिकांनाही असं चलन बाळगायची परवानगी झाली. तिथे आत शिरल्यावर साबण, कॉफी, चॉकलेट, कपडे धुवायची पावडर यांचा जो एकत्र वास यायचा तो त्या पिढीतले लोक आजही डोळे मिटून सांगतात. १९७९ पासून मात्र नोटा थेट चालेनात, आधी बँकेत बदलून ‘फोरम चेक’ घ्यावे लागायचे. हे मला त्या व्यवस्थेतलं सगळ्यात दुखरं ठिकाण वाटतं. समानतेच्या नावाने उभा राहिलेला देश, आणि ज्याची मावशी पश्चिमेतल्या हांबुर्गला तो वेगळा, ज्याची नाही तो वेगळा. प्रामाणिकपणे पक्षाचं काम करणारा, पश्चिमेशी संबंध तोडलेला माणूस या दुकानाच्या बाहेर उभा.

प्रश्न: कॉफीवरून तिथे मोठा गोंधळ झाला होता असं कुठेतरी वाचलं. कॉफीवरून?!

हो, कॉफीवरून. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना भागात भयंकर हिमकडाका पडला, कॉफीची झाडं जळाली, जगभर भाव भडकले आणि पूर्व जर्मनीकडे परकीय चलनाची आधीच चणचण. पण जर्मन माणसाला, पूर्वेचा असो की पश्चिमेचा, दुपारची कॉफी आणि केक म्हणजे जवळजवळ धर्म. युद्धाच्या वर्षांत आणि नंतर चिकोरी, भाजलेली बार्ली असलं काहीतरी पीत काढलेली होती, त्यामुळे खरी कॉफी मिळणं म्हणजे ते वाईट दिवस संपल्याची खूण होती. तिथे हात घालायचा नव्हता.

१९७७ ला सरकारने हात घातला. सगळ्यात स्वस्त जातीची कॉफी ‘कोस्टा’ बंद केली आणि ‘काफे-मिक्स’ बाजारात आणलं, त्यात ५१ टक्के कॉफी आणि बाकी चिकोरी, राय, बीट असली भर. लोकांनी तोंडात घेतली आणि थुंकली. हॉटेलांतली यंत्रं तुंबली, कारण आतलं पीठ दाबाने फुगायचं. पश्चिमेत ‘याकोब्स क्र्योनुंग’ नावाची प्रसिद्ध कॉफी होती, क्र्योनुंग म्हणजे राज्याभिषेक, तर पक्षप्रमुख एरिख होनेकरच्या नावावरून लोकांनी या भेसळीला ‘एरिखचा राज्याभिषेक’ म्हणायला सुरुवात केली. तक्रारींचा पाऊस पडला. नातेवाइकांनी पश्चिमेतून पाठवलेल्या पार्सलांत कॉफीचं पाकीट असायचंच आणि त्या पार्सलांनी बरीच गरज भागवली, हेही सरकारच्या हिशोबात होतं बरं का.

शेवटी भाव उतरले आणि ते मिक्स गुपचूप गेलं. पण याच धक्क्यातून पूर्व जर्मनीने इथिओपियाशी शस्त्रांच्या बदल्यात कॉफीचा व्यवहार केला, आणि १९८० ला व्हिएतनामशी करार करून तिथल्या डाक लाक भागात मळे उभे करायला यंत्रं, तंत्रज्ञ, पैसा दिला. कॉफीचं झाड लावल्यावर भरपूर पीक यायला काही वर्षं जातात. मळे जोरात यायला लागले तेव्हा पूर्व जर्मनी शिल्लक नव्हता. व्हिएतनाम आज जगात दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे. मला ही गोष्ट वाचली तेव्हा कितीतरी वेळ काही सुचेना, की ज्यांच्या कपासाठी हे सगळं सुरू झालं त्यांना ती कॉफी मिळालीच नाही.

प्रश्न: तक्रारी केल्या तर चालायच्या? हुकूमशाहीत तक्रार कशी करायची?

लेखी करायची. त्याला ‘आइनगाबे’ म्हणायचे, म्हणजे अर्ज किंवा गाऱ्हाणं. नागरिकाचा तो कायदेशीर हक्क होता आणि १९७५ च्या कायद्याप्रमाणे चार आठवड्यांत उत्तर देणं बंधनकारक होतं. आता न्यायालयात सरकारी निर्णयाविरुद्ध जायची सोय जवळजवळ नव्हती, त्यामुळे लोक पत्रं लिहायचे, आणि काय लिहायचे! छत गळतंय, तीन वर्षं झाली घराचा अर्ज पडून आहे, मुलाला पाळणाघरात जागा नाही, गावात एकाही दुकानात पायमोजे नाहीत. जिल्हा कार्यालयाने दाद दिली नाही तर थेट होनेकरला.

या पत्रांची भाषा मी वर्गात मुद्दाम वाचून घेते. लोक सरकारचीच वाक्यं सरकारला ऐकवायचे, की आपल्या पक्षाच्या अमुक अधिवेशनात प्रत्येक कुटुंबाला योग्य घर असं ठरलंय, मग माझ्या मुलाच्या खोलीत बुरशी कशी. आणि निवडणूक जवळ आली की हळूच एक ओळ घालायची, की असंच चालू राहिलं तर आम्हाला मतदानाला जाता येईल असं वाटत नाही. तिथे मतदान म्हणजे एकाच यादीला होकार, पण ९९ टक्क्यांच्या आकड्यासाठी अधिकारी जीव टाकायचे, त्यामुळे ही ओळ कधीकधी काम करून जायची, घर मिळायचं! १९६३ पासून टीव्हीवर ‘प्रिझ्मा’ नावाचा कार्यक्रम होता, तोही अशी गाऱ्हाणी घ्यायचा.

म्हणजे लोक मूग गिळून बसले होते हे चित्र खरं नाही. पण गाऱ्हाणं छताबद्दल करता यायचं, भिंतीबद्दल नाही.

प्रश्न: पश्चिमेचा टीव्ही दिसायचा का तिथे?

बहुतेक देशात दिसायचा आणि बहुतेक सगळे बघायचे. १९६१ ला सरकारी युवक संघटनेच्या पोरांना छपरांवर चढवून अँटेना फिरवायला लावल्या होत्या, पुढे होनेकरच्या काळात तो नाद सोडून दिला. शाळेत लहान मुलांना विचारायचे की बातम्यांच्या आधी टीव्हीवर घड्याळ दिसतं त्यावर ठिपके असतात की रेघा, आणि उत्तरावरून घरात कुठलं चॅनेल लागतं ते कळायचं, ही आठवण खूप जण सांगतात. मुलांना त्यामुळे फार लवकर समजायचं की घरात बोलायचं एक आणि शाळेत बोलायचं दुसरं.

ड्रेस्डेनचं खोरं आणि ईशान्येचा कोपरा इथे लाटा पोचत नव्हत्या, त्या भागाला ‘अजाणांचं खोरं’ म्हणायचे. आणि गंमत बघा, देश सोडायची परवानगी मागणारे अर्ज याच ड्रेस्डेन भागातून लोकसंख्येच्या मानाने जास्त यायचे. संध्याकाळी दोन तास पश्चिमेत जाऊन येता आलं असतं तर कदाचित इतकं असह्य झालं नसतं.

लहान मुलांचा ‘झांडमेन्शेन’, डोळ्यांत झोपेची वाळू टाकणारा बाहुला, तो मात्र पूर्वेचाच जिंकला. पश्चिमेत असा कार्यक्रम येतोय कळल्यावर घाईघाईने २२ नोव्हेंबर १९५९ ला पूर्वेने आधी सुरू केला आणि तो आजही चालू आहे, पश्चिमेचा कधीच बंद पडला.

प्रश्न: तिथल्या वस्तू भिकारच असायच्या का?

नाही हो. ‘झुपरफेस्ट’ म्हणून पाण्या-बिअरचे ग्लास होते, श्वेपनित्सला बनायचे, काच रसायनाने अशी कडक केलेली की पडली तरी सहसा फुटायची नाही. दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण ज्यांचा धंदा फुटलेल्या ग्लासांवर चालतो त्यांना न फुटणारा ग्लास कशाला हवा. कारखाना बंद झाला. जुन्या खानावळींत अजून ते ग्लास सापडतात.

प्रश्न: मॅडम, बायकांची स्थिती चांगली होती असं ऐकते. खरं का?

अर्धं खरं, आणि ते अर्धं लहान नाही. ८० च्या दशकाच्या शेवटी काम करण्याच्या वयातल्या साधारण ९० टक्के बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. पाळणाघरं जवळपास सगळ्यांना. मार्च १९७२ मध्ये पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपाताचा निर्णय बाईचा असा कायदा झाला आणि त्या संसदेत पहिल्यांदाच काही जणांनी विरोधात हात वर केले. बाळंतपणानंतर पगारी रजा, १९७६ पासून दुसऱ्या मुलाला वर्षभर आणि १९८६ पासून पहिल्याला पण. नव्या जोडप्याला बिनव्याजी ५,००० मार्क कर्ज, मूल झालं की त्यातला काही भाग माफ, आणि याला लोकांनी ‘पोरं काढून फेडणं’ अशा अर्थाचा एक शब्दच तयार केला होता. नवऱ्याच्या पगारावर अवलंबून नसल्यामुळे नकोसं लग्न मोडायची बाईला भीती कमी वाटायची, घटस्फोट खूप व्हायचे.

आता दुसरं अर्धं. नोकरदार विवाहित बाईला महिन्यातून एक दिवस पगारी सुट्टी मिळायची, तिचं नाव ‘घरकामाचा दिवस’. १९५२ पासून. नीट वाचा ते नाव. पुरुषाला तो दिवस मिळायला १९७७ उजाडलं आणि तेही एकटा बाप असेल किंवा बायको आजारी असेल तर. म्हणजे बाईने लेथ मशीनवर उभं राहायचं, रांगेतही उभं राहायचं आणि मोऱ्याही घासायच्या. आणि ज्या पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या समितीत, खरे निर्णय व्हायचे तिथे चाळीस वर्षांत एकही बाई पूर्ण सदस्य झाली नाही. माझ्या मनात या दोन्ही गोष्टींचा राग आणि आदर एकत्र आहे, आणि तो वेगळा करायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

प्रश्न: तुम्ही श्टाझीबद्दल बोलायचं टाळताय का?

टाळत नाही, पण बरं केलंत विचारलंत. श्टाझी म्हणजे तिथले गुप्त पोलीस. १९८९ मध्ये त्यांचे साधारण ९१,००० पगारी कर्मचारी आणि दीड लाखाहून जास्त खबरे, लोकसंख्या जेमतेम १ कोटी ६५ लाखांच्या आसपास. खबरी म्हणजे काळा कोट घातलेला अनोळखी माणूस नव्हे, तो सहकारी, पाद्री, क्वचित नवरासुद्धा. विनोद सांगितल्यावरून माणसं तुरुंगात गेलेली आहेत. इमारतीत एक वही असायची, बाहेरचा पाहुणा मुक्कामाला आला की त्यात नोंद. जानेवारी १९९२ पासून लोकांना स्वतःची फाईल वाचायला मिळू लागली आणि त्या वाचनाने कितीतरी मैत्री, कितीतरी संसार संपले.

पण रोज उठून माणूस याच भीतीत असायचा का? बहुतेकांचं म्हणणं, नाही. लोकांनी स्वतःचे कोपरे करून घेतले होते. पश्चिम जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून पूर्व बर्लिनमध्ये राहिलेले ग्युंटर गाउस यांनी याला ‘कोनाड्यांचा समाज’ म्हटलं, आणि तो कोनाडा म्हणजे बहुतेक वेळा गावाबाहेरची छोटी बाग, त्यात लाकडी खोपटं, दोन सफरचंदाची झाडं, चार विश्वासातली माणसं. आणि घरं उघडी असायची. सहा-सात घरांमागे एका घरी फोन, त्यामुळे कोणाकडे जायचं तर न सांगताच जायचं. दाराबाहेर कागदाची गुंडाळी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, घरात कोणी नसेल तर निरोप लिहून जायचा. त्या कागदाला कडी नव्हती, येणारा-जाणारा कोणीही वाचू शकत होता, आणि तरी लोक त्यावर लिहायचेच.

प्रश्न: एवढं सगळं असून आज तिथल्या काही लोकांना त्या दिवसांची आठवण का येते? भिंत परत हवीय का त्यांना?

भिंत कोणालाच परत नकोय. १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क आला आणि दुकानांतून पूर्वेचा माल अक्षरशः एका रात्रीत गेला, लोकांनीच तो नाकारला. मग कारखाने बंद पडायला लागले, कारण आपल्याच गिऱ्हाइकाने पाठ फिरवली होती आणि आता पगार पश्चिमेच्या मार्कात द्यायचे होते. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, ज्यांना बेकारी हा शब्द फक्त पश्चिमेच्या बातम्यांत माहीत होता, घरी बसली. कारखान्याबरोबर त्यांचं पाळणाघर, सहलीचं ठिकाण, दवाखाना, कामावरची टोळी सगळं गेलं. मग दोन-चार वर्षांनी ती पूर्वेतल्या श्प्रेवाल्ड भागातली काकडीची लोणची परत विकत घ्यावीशी वाटली तर त्यात मला काहीच विचित्र वाटत नाही. १९६१ मध्ये कार्ल पेग्लाउ यांनी रेखाटलेला पादचाऱ्यांच्या सिग्नलवरचा टोपीवाला माणूस काढून टाकायला लागल्यावर लोक चिडले आणि तो वाचला, आज बर्लिनच्या पश्चिम भागातही तो दिसतो. माणूस स्वतःची तिशी आठवतो आणि ती ज्या देशात गेली त्या देशाचं नाव त्या आठवणीला चिकटलेलं असतं.

प्रश्न: तिथे परदेशी लोक राहायचे का? त्यांना कसं वागवायचे?

हा प्रश्न एकाच वाचकाने विचारलाय आणि मला वाटतं हा सगळ्यांनी विचारायला हवा होता. १९८९ मध्ये तिथे साधारण ६०,००० व्हिएतनामी करारावर काम करत होते, शिवाय मोझांबिकचे हजारो, क्यूबाचे, अंगोलाचे. सरकार म्हणायचं ही भावाभावांची मैत्री. पण त्यांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवायचे, माणशी पाच चौरस मीटर जागा, पाहुण्यांवर नजर, आणि बाई गरोदर राहिली तर अनेक वर्षं दोनच पर्याय होते, गर्भपात किंवा परतीचं विमान.

आणि तरी तुटवड्याच्या त्या देशात त्यांनी स्वतःची जागा तयार केली. जीन्स हवी असायची सगळ्यांना आणि मिळायची नाही कोणाला, तर कारखान्यातलं काम संपल्यावर व्हिएतनामी कामगार खोलीत शिलाई मशीन लावून जीन्स शिवायचे, अगदी मापात, आणि जर्मन गिऱ्हाईक वसतिगृहाच्या दाराशी येऊन मापं देऊन जायचं. ज्यांच्याशी बाकी कोणी बोलत नव्हतं त्यांच्यासमोर हात वर करून छातीचं, कमरेचं माप द्यायला उभं राहायचं. भिंत पडली आणि यातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या सगळ्यात आधी गेल्या, बरेच परत गेले, जे राहिले त्यांनी फुलांची, भाजीची, कपड्यांची छोटी दुकानं टाकली.

मोझांबिकच्या कामगारांच्या पगारातला मोठा भाग कापून ठेवला जायचा, घरी गेल्यावर मिळेल म्हणून. तो पैसा दोन सरकारांच्या कर्जाच्या हिशोबात जिरला. परत गेलेल्या त्या लोकांना तिथे ‘माजर्मानेश’ म्हणतात, आणि देश विलीन होऊन तीस वर्षं उलटली तरी ते मापुतो शहरात बुधवारी मोर्चा काढत राहिले, काहींच्या हातात अजूनही पूर्व जर्मनीचा झेंडा, कारण ज्याने पगार द्यायचा होता त्याची तेवढीच एक खूण त्यांच्याकडे उरली होती.